पर-टूची अँटिबॉडी: चोवीस तासांचा ब्लॉट काढणाऱ्या नव्यांसाठी

जैविक घड्याळावर काम करणाऱ्या लॅबमध्ये नव्याने दाखल झालात की पहिल्या काही आठवड्यांतच एक काम गळ्यात पडतं: "उंदराच्या लिव्हरमधल्या पर-टूचा चोवीस तासांचा ब्लॉट काढ." पर-टू हे या घड्याळातलं एक प्रोटीन. वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीनं जेलवर वेगळी करून, मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने शोधणं) एमएस्सीला केलेला असतो, त्यामुळे कुणी घाबरत नाही. मग मेम्ब्रेन कोरी येते, नाहीतर एकाच लेनमध्ये पाच बँड दिसतात आणि सगळी लॅब अँटिबॉडीच्या नावाने बोटं मोडते. अँटिबॉडी खरंच वाईट असू शकते. पण लिव्हर सकाळी अकराला काढलेलं असेल, तर चांगल्यातली चांगली अँटिबॉडीही फारसं काही दाखवणार नाही, कारण त्या वेळी लिव्हरमध्ये पर-टू अगदी तळाला गेलेलं असतं.

थोडी पार्श्वभूमी आधी. रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांनी १९७१ मध्ये फळमाशीत पीरियड जनुकाची उत्परिवर्तनं शोधली. त्या घड्याळाची रेणूंच्या पातळीवरची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं. सस्तन प्राण्यांत या जनुकाच्या तीन बहिणी आहेत: पर-वन, पर-टू आणि पर-थ्री. क्लॉक आणि बीमॅल-वन ही प्रोटीनांची जोडी पर आणि क्राय जनुकं चालू करते. तयार झालेली पर आणि क्राय प्रोटीनं केंद्रकात शिरून याच जोडीला गप्प बसवतात. दरम्यान केसीन कायनेज-वन पर-टूवर फॉस्फेट चढवत असतं, पुढे प्रोटीन मोडीत निघतं आणि फेरा पुन्हा सुरू होतो. त्यामुळे पर-टू किती आहे, पेशीत कुठे आहे आणि जेलवर किती उंचीला दिसतं, या तिन्ही गोष्टी वेळेप्रमाणे बदलतात.

म्हणूनच या अँटिबॉडीला दोन परीक्षा द्याव्या लागतात. जनुक काढून टाकलं की बँड गेला पाहिजे, आणि जनुक असताना तो ठरलेल्या वेळी चढून ठरलेल्या वेळी उतरला पाहिजे. एका परीक्षेत पास होऊन दुसरीत नापास होणाऱ्या अँटिबॉडी बाजारात भरपूर आहेत.

काय काय जमवून ठेवायचं

कागदपत्रं:
- संस्थेच्या प्राणी आचार समितीची मंजुरी. भारतात हा अर्ज सीसीएसईएच्या (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीच्या) फॉर्म बीवर जातो. प्राण्यांची संख्या, दर वेळेला किती उंदीर, आणि रात्री किंवा अंधारात नमुने घेणार असाल तर तेही त्यात स्पष्ट लिहा. नंतर दुरुस्ती करून घेण्यात महिने जातात.
- नॉकआउट (जनुक काढून टाकलेल्या) पेशी किंवा एसएचआरएनए (जनुक दाबणारा आरएनए) वापरणार असाल तर जैवसुरक्षा समितीची परवानगी.
- अँटिबॉडीचं कोटेशन, डेटाशीट आणि आरआरआयडी (पेपरमध्ये अँटिबॉडी नेमकी ओळखता यावी म्हणून दिलेला) क्रमांक. विशिष्ट क्लोनच हवा असेल तर प्रोप्रायटरी आर्टिकल सर्टिफिकेट (हा माल दुसऱ्या कुणाकडे मिळत नाही असं प्रमाणपत्र). त्याचं कारण तुम्हालाच लिहून द्यावं लागतं.
- ॲनिमल हाउसमधल्या दिव्यांची खरी वेळ. दारावर चिकटवलेल्या कागदावर विसंबू नका, टायमर स्वतः बघा.

साहित्य: प्रोटिएज आणि फॉस्फटेज इनहिबिटर (प्रोटीन तुटू न देणारी आणि फॉस्फेट निघू न देणारी रसायनं), साडेसात टक्क्यांचं जेल, ०.४५ मायक्रॉनची पीव्हीडीएफ मेम्ब्रेन, वेट ट्रान्सफरचा टँक, पॉन्सो (मेम्ब्रेनवरची सगळी प्रोटीनं दाखवणारा रंग), लॅम्डा फॉस्फटेज (फॉस्फेट काढणारं एन्झाइम), मंद लाल दिवा आणि काळा मार्कर. काळाच का, ते पुढे येईल.

१. अँटिबॉडी निवडा, पण कॅटलॉगचा फोटो बघून नाही

कॅटलॉगमध्ये शोधताना प्रोटीनची सगळी नावं टाका. बीमॅल-वन कित्येक ठिकाणी एआरएनटीएल किंवा मॉप-थ्री नावाने असतं, रेव्ह-अर्ब-अल्फा एनआरवनडीवन नावाने. पर-टूच्या बाबतीत हा त्रास कमी आहे.

मग डेटाशीट उघडा आणि सगळ्यात आधी इम्युनोजेन वाचा, म्हणजे प्राण्याला टोचलेला तुकडा प्रोटीनच्या कोणत्या भागातला होता. पर-वन, टू आणि थ्री यांच्यातला पास डोमेन (प्रोटीनांना एकमेकांशी जोडणारा भाग) एकमेकांशी बराच जुळतो. तुकडा तिथला असेल तर अँटिबॉडी तिन्ही बहिणींना ओळखण्याची शक्यता असते. इम्युनोजेनचा क्रम दिला असेल तर तो उंदराच्या तिन्ही पर प्रोटीनांवर स्वतः जुळवून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. "मालकी माहिती" म्हणून क्रम दिलाच नसेल, तर निदान अमिनो आम्लांची रेंज ईमेलने मागा. बहुतेक वेळा मिळते.

दुसरं, ती कोणत्या प्राण्यात बनवली आहे. उंदराच्या ऊतींवर उंदरातच बनवलेली मोनोक्लोनल लावली, तर सेकंडरी (पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटिबॉडीला पकडणारी दुसरी अँटिबॉडी) तुमच्या प्रायमरीबरोबर ऊतीतल्या रक्तातल्या अँटिबॉडीही पकडते. मग ५० आणि २५ किलोडाल्टनला जाडजूड बँड येतात. पर-टू खूप वर असल्यामुळे वेस्टर्नमध्ये हे एक वेळ खपून जातं, पण हीच अँटिबॉडी पुढे मेंदूच्या कापांवर लावायची असेल तर नाही.

तिसरं, पॉलिक्लोनल की मोनोक्लोनल. या क्षेत्रातले कित्येक जुने, चांगले पेपर सशातल्या पॉलिक्लोनलवर उभे आहेत आणि त्या लॉटचा आता थेंबही शिल्लक नाही. कॅटलॉग क्रमांक तोच असला तरी नवा लॉट म्हणजे नवा ससा. मिळत असेल तर मी सशातली रीकॉम्बिनंट मोनोक्लोनल घेईन, चार पैसे जास्त गेले तरी. पॉलिक्लोनलच घ्यावी लागली तर पूर्ण मालिकेला पुरेल एवढा एकच लॉट एकदम मागवा.

"२०० पेपरमध्ये वापरली आहे" या ओळीला भुलू नका. त्यातले किती नमुने लिव्हरचे होते, किती पेपरांत नॉकआउटची लेन आहे, एवढंच बघा. आकडा झपाट्याने खाली येतो.

२. आली की काय करायचं

इंडेंट टाकल्यापासून कुपी हातात येईपर्यंत काही आठवडे सहज जातात, त्यामुळे उंदरांचं वेळापत्रक अँटिबॉडी आल्यावरच पक्कं करा. मे महिन्यात पुण्यात किंवा नागपुरात खोका उघडला आणि जेल पॅक कोमट लागले, तर फोटो काढा, डीलरला कळवा, पण लगेच हाय खाऊ नका. अँटिबॉडी हा तसा दणकट रेणू आहे. वाटेतल्या एक-दोन दिवसांच्या उष्णतेपेक्षा पुन्हा पुन्हा गोठवणं आणि वितळवणं तिला जास्त मारक ठरतं.

डेटाशीटमध्ये ५० टक्के ग्लिसरॉल लिहिलं असेल तर ती उणे २० अंशांवरही द्रवच राहते, तशीच ठेवा. ग्लिसरॉल नसेल तर दहा-दहा मायक्रोलिटरचे भाग करून गोठवा. त्याहून लहान भाग केले तर बरीचशी अँटिबॉडी ट्यूबच्या भिंतीलाच चिकटून बसते. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती प्रकारच्या फ्रीजरमध्ये ती कधीच ठेवू नका. लॉट क्रमांक वहीत उतरवा, ट्यूबवरचा पुसला जातो.

३. वेळ ठरवा

सगळ्यात जास्त डोकं इथे लावा.

या क्षेत्रात वेळ झेडटीत (झाइटगेबर टाइम, म्हणजे दिवा लागल्यापासूनचे तास) मोजतात. दिवा लागतो तो क्षण झेडटी शून्य, आणि बारा तासांच्या उजेडानंतर दिवा मालवतो तो झेडटी १२. उंदराच्या लिव्हरमध्ये पर-टू साधारण झेडटी १६ ते २०च्या सुमारास शिखरावर असतं आणि झेडटी ४ ते ८च्या दरम्यान तळाला. ॲनिमल हाउसचा दिवा सकाळी ७ला लागत असेल, तर शिखर रात्री ११ ते पहाटे ३ असं येतं आणि तळ सकाळी ११ ते दुपारी ३. म्हणजे लॅबमधली माणसं सहसा ज्या वेळी उंदीर घेतात, नेमकी तीच वेळ पर-टू नसण्याची.

रात्रभर जागायचं नसेल तर उलट्या दिव्यांचं कपाट वापरा. एका कपाटात दिवा सकाळी ७ला लावा, दुसऱ्यात संध्याकाळी ७ला. मग सकाळी ९, दुपारी १ आणि संध्याकाळी ५ अशा तीनच वेळांना नमुने घ्या. पहिल्या कपाटातून झेडटी २, ६ आणि १० मिळतात, दुसऱ्यातून १४, १८ आणि २२. सहा वेळा झाल्या आणि झोपही झाली. ०, ४, ८, १२ या वेळा मुद्दाम टाळल्या आहेत. बरोबर ० आणि १२ला दिवा बदलत असतो, आणि तुमचा नमुना बदलाच्या आधीचा की नंतरचा यावर पुढे वाद होतात.

उलट्या वेळापत्रकात टाकल्यावर उंदरांना किमान दोन आठवडे द्या. दोन्ही कपाटांत तापमान, आवाज आणि हवेचा झोत सारखाच हवा. खाण्याकडेही लक्ष ठेवा, कारण लिव्हरचं घड्याळ दिव्याइतकंच, किंबहुना जास्तच, खाण्याच्या वेळेवर चालतं. रात्री खाऊचं भांडं रिकामं पडत असेल आणि दुपारी कुणीतरी येऊन ते भरत असेल, तर लिव्हर स्वतःची वेगळीच वेळ लावून बसेल.

अंधारातल्या वेळांना मंद लाल दिव्यातच काम करा. उंदरांना लाल रंग फार कमी दिसतो, पण "कमी" म्हणजे "अजिबात नाही" असं नव्हे, म्हणून दिवा मंदच हवा. पांढरा उजेड अर्धा मिनिट जरी पडला तरी मेंदूतल्या मध्यवर्ती घड्याळात पर जनुकं चाळवली जातात. मोबाइल बाहेर ठेवा. ट्यूबांवर नावं आधीच आणि काळ्या मार्करने घाला. लाल शाईने लिहिलेलं लाल दिव्यात दिसतच नाही. हातात पांढऱ्या झाकणाच्या अठरा कोऱ्या ट्यूब उरतात.

अमेरिकेत किंवा युरोपात शिकत असाल तर आणखी एक खबरदारी. तिथे घड्याळं मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पुढेमागे होतात, ॲनिमल हाउसचा टायमर मात्र होतोच असं नाही. त्या आठवड्यात झेडटी पुन्हा मोजा.

उजेड-अंधाराच्या चक्रात दिसलेली लय ही घड्याळाचीच आहे, असं त्यावरून सिद्ध होत नाही. ती दिव्याला दिलेली नुसती प्रतिक्रियाही असू शकते. तो दावा करायचा असेल तर उंदरांना सलग अंधारात ठेवून दुसऱ्या दिवशी नमुने घ्या, आणि वेळ झेडटीऐवजी सीटी (सर्केडियन टाइम, शरीराच्या घड्याळाची स्वतःची वेळ) म्हणून लिहा. पहिल्या ब्लॉटसाठी मात्र झेडटी पुरे.

४. पेशींवर करणार असाल तर

यूटूओएस (माणसाच्या) किंवा एनआयएच थ्रीटीथ्री (उंदराच्या) पेशींतही घड्याळ असतं, पण डिशमधली प्रत्येक पेशी आपापल्या वेळेवर चालते. आधी सगळ्यांना एका वेळेवर आणावं लागतं. उएली शिबलर यांच्या लॅबने १९९८ मध्ये उंदरवर्गीय फायब्रोब्लास्टवर ५० टक्के घोड्याचं सीरम दोन तास घालून हे दाखवलं. आता बहुतेक जण १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन एक-दोन तास घालतात आणि मग मीडियम बदलतात.

पहिल्या चोवीस तासांतला डेटा सोडून द्या. सुरुवातीची उसळी ही बरीचशी औषधाची थेट प्रतिक्रिया असते. २४व्या तासापासून ४८व्या तासापर्यंत दर चार तासांनी डिश घ्या. मध्येच मीडियम बदलू नका, नुसत्या ताज्या मीडियमनेही घड्याळ पुन्हा लागू शकतं. सगळ्या डिश एकाच वेळी, सारख्या दाटीने पेरा आणि पेशींनी डिश भरल्यावरच सुरुवात करा. अर्धवट भरलेल्या डिशमध्ये तुम्ही घड्याळापेक्षा पेशींची वाढ मोजत बसाल. पेशींत पर-टू थोडं असतं, तेव्हा केंद्रकाचा अर्क वेगळा काढलात तर बँड दिसण्याची शक्यता बरीच वाढते.

५. "बँड जातो का?" ही परीक्षा आधी घ्या

चोवीस तासांच्या मालिकेआधी फक्त चार लेनचा एक ब्लॉट करा: शिखराच्या वेळचं लिव्हर, तळाच्या वेळचं लिव्हर, शिखराच्याच वेळचं नॉकआउट लिव्हर, आणि टॅग लावलेलं पर-टू भरपूर बनवणाऱ्या एचईके पेशी. नॉकआउट उंदीर नसतील तर यूटूओएस पेशींत एसआयआरएनएने (जनुक दाबणाऱ्या छोट्या आरएनएने) पर-टू कमी करा, आणि एकाऐवजी दोन वेगळे एसआयआरएनए वापरा.

इथे एक खड्डा आहे. "पर-टू म्युटंट" म्हणून जे उंदीर मिळतात, त्या सगळ्यांत प्रोटीन नाहीसं झालेलं नसतं. बरीच वर्षं वापरात असलेल्या ब्रडीएमवन उंदरात पास डोमेनमधला फक्त ८७ अमिनो आम्लांचा तुकडा गळालेला आहे, आणि तोही जनुक वाचण्याची चौकट न मोडता. प्रोटीनचा बाकीचा भाग बनू शकतो. अँटिबॉडी शेपटाकडचा भाग ओळखत असेल तर याच उंदरात बँड दिसेल आणि तुम्ही चांगली अँटिबॉडी फेकून द्याल. क्लॉक-डेल्टा-१९ उंदरांचंही तसंच: तिथे ५१ अमिनो आम्लं कमी आहेत, क्लॉक प्रोटीन गायब नाही. नॉकआउट मागवताना नेमका कोणता ॲलील (जनुकाचं रूप) आहे ते विचारा आणि इम्युनोजेन त्याच्याशी ताडून बघा.

एचईकेच्या लेनवर खूश होऊ नका. तिथे प्रोटीनचा पूर आलेला असतो, कमकुवत अँटिबॉडीही ते पकडते. ती लेन फक्त उंची सांगते.

६. लायसेट, म्हणजे ऊतीचा अर्क

लिव्हर काढल्या काढल्या द्रव नायट्रोजनमध्ये. नंतर रिपा बफरमध्ये, बर्फावर, प्रोटिएज आणि फॉस्फटेज दोन्ही इनहिबिटर ताजे घालून वाटा. फॉस्फटेज इनहिबिटर विसरलात तर पर-टूचा वरचा, फॉस्फेट चढलेला भाग तुमच्या डोळ्यांदेखत खाली सरकेल आणि तुम्ही त्याला वेळेचा परिणाम समजाल. एक नमुना मात्र फॉस्फटेज इनहिबिटरशिवाय (सोडियम फ्लोराइड आणि व्हॅनाडेट न घालता) बाजूला काढून ठेवा, आठव्या पायरीला लागेल. बीसीएने प्रोटीन किती आहे ते मोजून सॅम्पल बफर घाला, लहान भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. लिव्हरचे लायसेट दर वेळी वितळवून पुन्हा गोठवले तर १०० किलोडाल्टनच्या आसपास तुटलेले तुकडे दिसू लागतात.

७. जेल, ट्रान्सफर, अँटिबॉडी

पर-टूचं गणिती वजन साधारण १३५ ते १४० किलोडाल्टन. जेलवर ते त्याहून वर, बऱ्याचदा १५०च्याही वर दिसतं. साडेसात टक्क्यांचं जेल ५० किलोडाल्टनचा मार्कर तळाशी येईपर्यंत पळवा. घाईघाईत दहा-बारा टक्क्यांचं जेल लावलं तर सगळी फॉस्फेटची रूपं एका रेषेत चेपली जातात.

सहा वेळा आणि प्रत्येकी तीन उंदीर असे अठरा नमुने एका जेलवर मावत नाहीत. प्रत्येक जेलवर प्रत्येक वेळेचा एक उंदीर घ्या आणि सगळे नमुने थोडे थोडे मिसळून केलेली एक सामाईक लेन प्रत्येक जेलवर ठेवा. एका जेलवर सगळे सकाळचे आणि दुसऱ्यावर सगळे रात्रीचे असं कधीही करू नका, दोन ब्लॉटमधला फरक तुम्हाला लय म्हणून दिसेल.

ट्रान्सफर वेट, रात्रभर, ३० व्होल्ट, कोल्ड रूममध्ये. मोठं प्रोटीन जेलमधून सुटायला हवं म्हणून मिथेनॉल २० ऐवजी १० टक्के. पीव्हीडीएफ आधी मिथेनॉलमध्ये भिजवा. झाल्यावर पॉन्सो लावा आणि फोटो काढा, हा फोटो पुढे लोडिंग कंट्रोल म्हणून कामी येईल.

ब्लॉकिंग दुधात चालतं. फक्त फॉस्फो-अँटिबॉडी लावायची असेल तर बीएसए घ्या, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटने लगडलेलं असतं. प्रायमरी रात्रभर ४ अंशांवर. डेटाशीटमधलं प्रमाण फक्त सुरुवात म्हणून घ्या आणि त्याच्या निम्म्या व दुप्पट प्रमाणात पट्ट्या कापून एकदा बघून घ्या. प्रायमरी पुन्हा वापरण्यासाठी सोडियम ॲझाइड घातलं असेल तर धुण्यात कंजुषी नको. एचआरपीच्या (सिग्नल देणाऱ्या एन्झाइमच्या) सेकंडरीत ॲझाइड चुकूनही नको, ते एचआरपीलाच बंद पाडतं.

८. ब्लॉट वाचणं

नीट जमलेला ब्लॉट असा दिसतो: झेडटी ६च्या लेनमध्ये १५०च्या आसपास जवळपास काही नाही, १४ला एक बारीक बँड, १८ला जाड आणि वरच्या बाजूला धूसर होत गेलेला पट्टा, २२ला तोच पट्टा थोडा फिका झालेला पण बुड वर सरकलेलं. ही धूसरता म्हणजे फॉस्फेट चढलेलं प्रोटीन, खराब जेल नव्हे. खात्री करायची तर बाजूला काढलेला नमुना लॅम्डा फॉस्फटेज आणि मँगनीज घालून ३० अंशांवर अर्धा तास ठेवा. पट्टा आटून एक नीटस, खालचा बँड झाला तर प्रश्न मिटला.

चोवीस तास एकाच जाडीने बसलेला, तीक्ष्ण, सुंदर बँड दिसला तर मात्र संशय घ्या. दिसायला असा बँड पेपरमध्ये छापण्यासारखा असतो, आणि बऱ्याचदा तो पर-टू नसतोच. नॉकआउटच्या लेनमध्ये तो जसाच्या तसा दिसेल.

लोडिंग कंट्रोल म्हणून जीएपीडीएच डोळे झाकून घेऊ नका. ते ग्लुकोजच्या चयापचयातलं एन्झाइम आहे आणि लिव्हरमध्ये चयापचयच दिवसभर वरखाली होत असतो. शिवाय ३७ किलोडाल्टनचं असल्यामुळे तुमच्या जेलमधून ते केव्हाच वाहून गेलेलं असेल. पॉन्सोची पूर्ण लेन मोजणं मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

मोजमाप इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये, शक्यतो लेनवरची वेळ झाकून, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. सामाईक लेनने भागा, मग कोसायनर किंवा जेटीके-सायकल या लय तपासणाऱ्या गणिती पद्धतींना द्या. तिन्ही उंदीर वेगळे ठिपके म्हणून दाखवा. आलेख वाचायला सोपा जावा म्हणून तोच चोवीस तासांचा डेटा पुढे जोडून ४८ तासांचा काढायची या क्षेत्रात रीत आहे. काढा, पण "डबल प्लॉट" असं आकृतीखाली लिहा आणि आकडेशास्त्र मूळ चोवीस तासांवरच करा. जोडलेल्या ठिपक्यांवर गणित केलं तर कुठलीही गोष्ट लयबद्ध ठरते. आकृतीखालीच अँटिबॉडीचा आरआरआयडी, लॉट क्रमांक, प्रमाण, दिवा लागण्याची वेळ आणि नॉकआउटचा ॲलीलही लिहून टाका.